बॅनरखालचे पोहे : नागपुरातल्या एका ऑफिसचं प्रकरण

प्रकरण लहान आहे. धरमपेठेतलं एक सीए ऑफिस, त्यातली अकरा माणसं, समोरच्या रस्त्यावरचा एक पोह्याचा ठेला आणि पुढे यात ओढलं गेलेलं एक किराणा दुकान. काळ नोव्हेंबर 2024 पासून पुढचं वर्षभर. त्या अकरांत मीही आहे, सोळा वर्षांपासून ऑडिटचं काम बघतो, त्यामुळे तटस्थपणाचा आव आणत नाही. माणसांची नावं, पक्षाचं नाव आणि तो उमेदवार निवडून आला की पडला, हे तिन्ही मुद्दाम गाळलं आहे. पक्ष कळला की वाचणारा पहिल्याच ओळीत आपल्या बाजूला जाऊन बसतो.

ठेला

मंगळवारी आणि शनिवारी सकाळी साडेनऊला आम्ही सगळे त्या ठेल्यावर असतो. नागपूरबाहेरच्या वाचकासाठी सांगतो, इथे पोहे नुसते खात नाहीत. प्लेटमध्ये पिवळे, वाफवलेले पोहे पडतात, त्यावर चण्याची लालभडक तर्री, मग शेव, बारीक कांदा, सांबार, म्हणजे आमची कोथिंबीर, आणि लिंबाची फोड. आमचे ठेलेवाले काका तर्री दोनदा घालतात. पहिल्यांदा पळी पातेल्याच्या तळापर्यंत नेऊन चणे काढतात, दुसऱ्यांदा नुसता वरचा तवंग अलगद उचलतात आणि प्लेटवर फिरवतात. त्या दुसऱ्या पळीसाठी माणूस येतो. कुणाला किती तिखट झेपतं हे त्यांच्या डोक्यात पक्कं असतं, विचारावं लागत नाही.

नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा आमच्याकडे मरणाचा होता. ऑडिटवाल्या प्राप्तिकर रिटर्नची तारीख वाढून 15 नोव्हेंबर झाली होती आणि 20 तारखेला विधानसभेचं मतदान. त्यातल्याच एका मंगळवारी ठेल्याच्या छत्रीच्या दांड्याला एक फ्लेक्स बांधलेला दिसला. हात जोडलेला उमेदवार, वर पक्षाचे तीन नेते, खाली चिन्ह. वारा आला की फ्लेक्सचा खालचा कोपरा शेवेच्या डब्यावर आपटायचा आणि काका तो कोपराने मागे सारायचे.

आमचा आर्टिकल, म्हणजे सीए होण्यासाठी ऑफिसात शिकणारा पोरगा, वय तेवीस, हुशार आणि तापट. त्याने प्लेट घेतली नाही. "मी इथं नाही खाणार. माझे तीस रुपये त्या माणसाच्या प्रचाराला जाणार नाहीत." आणि वर निघून गेला. शनिवारपर्यंत त्याच्या बाजूला आणखी तिघे झाले. अकराचे सात राहिलो.

त्या आठवड्यात टॅलीपेक्षा याचाच हिशेब ऑफिसात जास्त झाला. आर्टिकलचं म्हणणं वरवर टाकून देण्यासारखं नव्हतं. मत पाच वर्षांतून एकदा देतो, पैसे रोज देतो, मग रोजचं मत फुकट का घालवायचं? त्याने इतिहासही काढला. डिसेंबर 1920 मध्ये काँग्रेसचं अधिवेशन याच नागपुरात भरलं आणि असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब इथेच झालं. त्याआधी 7 ऑक्टोबर 1905 ला पुण्यात विलायती कापडाची होळी झाली. "तेव्हा कापड घेताना राजकारण चालत होतं, आता पोहे खाताना काहून नाही?" असा त्याचा सवाल.

यावर साहेबांनी आठवण करून दिली की ज्या एम्प्रेस मिलचा धूर पाहत जुनं नागपूर मोठं झालं, ती 1877 मध्ये जमशेटजी टाटांनी सुरू केली आणि स्वदेशीचा फायदा देशी मिलवाल्यांनाही झाला. आज त्या जागेवर मॉल उभा आहे. साहेबांच्या अशा माहितीतून निष्कर्ष कधीच निघत नाही, पण वातावरण निवळतं.

हिशेब

माझा पिंड हिशेबाचा. चार माणसं, आठवड्यातून दोन वेळा, तीस रुपये. आठवड्याला 240, महिन्याला हजारेक. विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा 40 लाख. म्हणजे आमच्या चौघांच्या निषेधाने उमेदवाराच्या केसालाही धक्का लागत नव्हता. पण काकांना मात्र हजार रुपये म्हणजे तेव्हाच्या एका घरगुती गॅस सिलिंडरहून जास्त. बाण सोडला एकावर आणि लागला दुसऱ्याला, असा तो प्रकार.

आर्टिकलने याला उत्तर दिलं, आणि मला ते पटलं नाही तरी लिहिलं पाहिजे. तो म्हणाला, प्रत्येक जण असाच हिशेब करतो म्हणूनच कुणाचंच काही वाकडं होत नाही. 1955 च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार घातला, तेव्हाही एकट्याचं तिकीट ते काय होतं? पण 381 दिवस लोक चालत गेले आणि बसमधला वर्णभेद संपला.

उदाहरण खरं आहे, फक्त त्यातल्या दोन गोष्टी त्याने गाळल्या. एक, तिथे मागणी काय आहे हे बस कंपनीला, शहराला, सगळ्यांना ठाऊक होतं आणि बसमधले बहुसंख्य प्रवासी बहिष्कार घालणारेच होते. दुसरी मला जास्त महत्त्वाची वाटते. झळ बहिष्कार घालणाऱ्यांनी स्वतः सोसली. पाय त्यांचे दुखले. वर्षभर पहाटे उठून ते कामावर चालत गेले. आमच्या आर्टिकलचं काय दुखलं? तो ठेल्याऐवजी पलीकडच्या हॉटेलात डोसा खात होता.

बॉयकॉट हा शब्दही मुळात एका माणसाचं आडनाव आहे. 1880 मध्ये आयर्लंडमध्ये कॅप्टन बॉयकॉट नावाचा जमीनदाराचा कारभारी होता. कुळांनी त्याच्या शेतावर काम बंद केलं, गावातल्या दुकानदारांनी माल द्यायचं बंद केलं. दुबळ्यांनी सबळाला वाळीत टाकलं, म्हणून त्याची गोष्ट झाली. आपल्याकडे वाळीत टाकणं हा प्रकार त्याच्या कितीतरी आधीपासून होता, फक्त दिशा उलटी.

ताईंची आजी

ती दिशा आम्हाला दाखवली ऑफिसातल्या ताईंनी. जीएसटीचं काम त्या बघतात, फार बोलत नाहीत. शनिवारी जेवणाच्या वेळी आर्टिकल तिसऱ्यांदा स्वदेशीवर आला तेव्हा त्यांनी डबा बंद केला.

"तू बहिष्कार म्हणतोस ना, तो शब्द आमच्या घरी वेगळा आहे," ताई म्हणाल्या. त्यांच्या आजीच्या गावात बाबासाहेबांच्या माणसांनी मेलेली ढोरं ओढायला नकार दिला आणि गावाने त्यांचं सगळं तोडलं. वाण्याच्या दुकानात आजी मीठ आणायला गेली की वाणी मान वर करत नसे. नाही असंही म्हणत नसे. आजी उभी राहायची, दुसरी गिऱ्हाइकं येऊन जायची, मग आजी रिकामी पिशवी घेऊन परत. पुढे 1956 च्या ऑक्टोबरात आजी दीक्षाभूमीला आली ती घरची भाकर बांधून. रस्त्यात कुणाच्या दुकानावर विसंबायचं नाही, एवढं त्या मिठाने शिकवलं होतं.

हे एकट्या गावाचं नव्हतं. मुंबई सरकारने 1928 मध्ये स्टार्ट समिती नेमली, बाबासाहेब तिचे सदस्य होते. 1930 च्या अहवालात सामाजिक बहिष्काराचं वर्णन आहे: जमिनीवरून काढायचं, मजुरी बंद करायची, वाटा अडवायच्या आणि गावच्या वाण्याला रोजच्या गरजेचे जिन्नस विकू द्यायचे नाहीत. त्याच वर्षी गोलमेज परिषदेपुढे असा बहिष्कार हा गुन्हा ठरवावा अशी मागणी बाबासाहेबांनी केली. पुढे संविधानाच्या कलम 15(2) ने धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थानावरून कुणालाही दुकानात वा उपाहारगृहात अडवायला मनाई केली. जातपंचायती आपल्याच माणसांना वाळीत टाकतात त्याविरुद्ध महाराष्ट्राने 2016 मध्ये वेगळा कायदा केला. तो जुलै 2017 मध्ये लागू झाला आणि त्यात 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड आहे.

ही कलमं वाचताना एक बाब माझ्या लक्षात आली. दुकानदाराचे हात कायद्याने बांधले आहेत, गिऱ्हाइकाचे नाहीत. मी कुठल्या दुकानात गेलो नाही तर मला कुणी जाब विचारू शकत नाही. ते तसंच असावं, नाहीतर पोलीस आपल्याला पोहे खायला पाठवतील. पण कायदा जिथे हात झटकतो तिथे आपली आपल्यालाच लाज ठेवावी लागते. जुलै 2019 मध्ये जबलपूरच्या एका गिऱ्हाइकाने डिलिव्हरी करणारा दुसऱ्या धर्माचा म्हणून झोमॅटोवरची ऑर्डर रद्द केली. तो त्याचा हक्क होता का? होता. कंपनीने जेवणाला धर्म नसतो असं जाहीर उत्तर दिलं, हेही बरंच झालं.

ताईंचं म्हणणं एवढंच होतं: "कोणाच्या पोटावर पाय देतो आहोस ते बघून दे. आणि त्याला तोंडावर सांग. आमच्या आजीला वाण्याने तेवढंही नाही सांगितलं."

फ्लेक्स कुणाचा

तोंडावर सांगायचं काम माझ्याकडे आलं, कारण काकांनीच विचारलं. "भाऊ, तो पोट्टा काहून येऊन नाही राह्यला? तब्येत गिब्येत?"

मी चाचरत सांगितलं. काकांनी पळी ठेवली, फ्लेक्सकडे बघितलं. "काढतो ना भाऊ. आत्ता काढतो. मंग संध्याकाळी पोट्टे येतीन, त्याईले काय सांगू? तुमी येता सांगाले?"

मी गप्प. खरं सांगायचं तर मी गेलो नसतो. माझ्याऐवजी आर्टिकलही गेला नसता.

मग पुढची प्लेट भरता भरता त्यांनी बाकीचं सांगितलं. फ्लेक्स कुणी विचारून बांधला नव्हता. ते आले, बांधला, चहा पिऊन गेले. आचारसंहितेत लिहिलेलं आहे की कुणाच्या खाजगी जागेवर झेंडा-बॅनर लावायचा तर त्याची परवानगी हवी. पण ठेल्याची जागा फूटपाथची. मालक नसलेल्या जागेवर नकार कुणी द्यायचा? मागच्या निवडणुकीत याच दांड्याला दुसऱ्या पक्षाचा फ्लेक्स होता, तोही असाच आलेला.

इथे हिशेबाच्या माणसाला राहवलं नाही, मी कागद विचारले. काकांकडे कोविडनंतर पीएम स्वनिधीचं, म्हणजे ठेलेवाल्यांसाठीच्या सरकारी योजनेचं, 10,000 चं कर्ज घेतलं त्याचं शिफारसपत्र होतं, प्लास्टिकमध्ये घालून गल्ल्याखाली ठेवलेलं. कर्ज फेडलंही होतं. पण पथविक्रेता म्हणून प्रमाणपत्र हातात नव्हतं. 2014 चा पथविक्रेता कायदा म्हणतो की सर्वेक्षण करा, प्रमाणपत्रं द्या, ते होईपर्यंत कुणाला उठवू नका, आणि शहर पथविक्रेता समितीत 40 टक्के जागा विक्रेत्यांना द्या. चांगला कायदा आहे. पण ज्याच्या हातात प्रमाणपत्र नाही त्याला कायद्यापेक्षा कुणाचा तरी फोन नंबर जवळचा वाटतो. फ्लेक्स म्हणजे त्या नंबरचं भाडं होतं. आम्ही त्याला मत समजलो.

ऑफिसात येऊन हे सांगितलं तेव्हा चौघांपैकी तिघे शनिवारपासून परत आले. आर्टिकल नाही आला. "मजबुरी समजली. पण त्या चेहऱ्याखाली उभं राहून माझ्या घशाखाली उतरणार नाही." मग एक तोडगा निघाला, ज्यावर आम्ही अजून हसतो. तो ऑफिसातल्या मावशींना पैसे द्यायचा, मावशी पार्सल आणायच्या, आणि हा पठ्ठ्या वर बसून तर्री खायचा. काकांचे तीस रुपये काकांना, फ्लेक्स नजरेआड. तत्त्वाच्या कसोटीला हे उतरतं का? नसेल उतरत. पण या सगळ्या प्रकरणात कुणाचंही नुकसान न करणारा हा एकच बहिष्कार होता.

निकाल 23 तारखेला लागला. फ्लेक्स त्यानंतरही बारा दिवस तसाच होता, मग त्याची ठेल्यावर ताडपत्री झाली, उलट्या बाजूने. डिसेंबरात 16 ते 21 हिवाळी अधिवेशन होतं. त्या आठवड्यासाठी रस्त्याकडेचे ठेले हटवले जातात, हे काकांना कुणी सांगावं लागत नाही. त्यांनी आधीच ठेला मागच्या गल्लीत ओढला होता. फोन नंबर कुठपर्यंत चालतो याचा त्यांना चांगला अंदाज आहे.

मार्चमधला मेसेज

इथे प्रकरण संपलं असतं तर मी लिहिलं नसतं. ठेल्याच्या गोष्टीतून सगळ्यांनी सोपा धडा घेतला होता की खाण्यात-पिण्यात राजकारण आणायचं नाही. मार्चमध्ये तो धडा मोडला.

17 मार्च 2025 ला नागपूरच्या महाल भागात हिंसाचार झाला, शहराच्या बऱ्याच भागांत संचारबंदी लागली. आमच्याकडे धरमपेठेत तशी शांतता होती, पण फोन शांत नव्हते. तिसऱ्या दिवशी त्या रस्त्यावरच्या दुकानदार-ऑफिसवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज आला. अमुक समाजाच्या लोकांकडून फळं घेऊ नका, भाजी घेऊ नका, गाडी दुरुस्त करून घेऊ नका, यादीसकट. पाठवणारा आमचा किराणावाला. ऑफिसचा चहा, साखर, पेपर कप, फिनाईल, सगळं त्याच्याकडून येतं, महिन्याला अडीच-तीन हजारांचं बिल.

या दुकानावर कसलाही फ्लेक्स नव्हता. त्याला कुणी येऊन काही बांधून गेलं नव्हतं. पक्कं दुकान, स्वतःच्या मालकीचं, गुमास्ता लायसन भिंतीवर फ्रेममध्ये. मेसेज त्याने आपल्या अंगठ्याने पाठवला होता. भारतीय न्याय संहितेचं कलम 196 समाजासमाजांत वैर पेटवण्याबद्दल आहे. तो मेसेज त्यात बसतो की नाही हे वकिलांनी ठरवावं. आमच्यापुढचा प्रश्न साधा होता: पहिल्या तारखेची ऑफिसच्या सामानाची यादी त्याला द्यायची का?

आता गंमत बघा. नोव्हेंबरात जो आर्टिकल पेटला होता तो म्हणाला, जाऊ द्या, फॉरवर्डच तर आहे. आणि ताई, ज्यांनी पोटावर पाय देऊ नका म्हटलं होतं, त्या म्हणाल्या, "यादी दुसऱ्या दुकानात जाईल. मी जाऊन सांगते."

मी त्यांना विचारलं, काकांना एक न्याय आणि याला दुसरा? त्यांचं उत्तर मी जवळपास तसंच देतो. काकांनी काय केलं? काही नाही, त्यांच्या दांड्यावर कुणीतरी काहीतरी केलं. याने स्वतः केलं. आणि याने जे केलं ते कुणा एकाच्या कृत्याबद्दल नाही, जन्माबद्दल आहे. फळवाल्याने मत बदललं, पक्ष बदलला, माफी मागितली, तरी त्या यादीतून तो सुटणार नाही. "याला मात्र सुटता येतं. मेसेज चुकला म्हणाला की पुढच्या महिन्याची यादी याचीच."

माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली या वाक्यात आहे. परत यायला दार ठेवलं आहे का, हे आधी बघायचं. फळवाल्यासाठी नव्हतं, आजीसाठी नव्हतं. किराणावाल्यासाठी ताईंनी उघडं ठेवलं, आणि ते कुठे आहे हेही त्याला सांगितलं.

मी त्यांच्यासोबत गेलो होतो. ताई म्हणाल्या, "दादा, तुमचा तो मेसेज वाचला. तो तुम्ही परत घेत नाही तोवर ऑफिसचं सामान दुसरीकडून घेऊ." तो आधी हसला, मग म्हणाला, "मी नुसतं फॉरवर्ड केलं जी ताई. तुम्ही तर मनावर घेऊन राह्यल्या." ताई काही बोलल्या नाहीत. मग त्याने वही काढली आणि मागचे 412 रुपये सांगितले. ते तिथेच दिले.

एक गोष्ट मात्र आम्ही विचारात घेतली नव्हती, ती मावशींनी लक्षात आणून दिली. त्यांच्या घरचं खातं त्याच दुकानात. महिनाअखेरीला पीठ-तेल उधारीवर तिथूनच येतं, आणि नवीन दुकानदार ओळख नसलेल्याला उधार देत नाही. "तुमी सोडा, मले नाही सोडता येत," त्या म्हणाल्या. ताई म्हणाल्या, तुम्ही नकाच सोडू. ज्याच्या खिशात रोख आहे त्यालाच दुकान निवडता येतं, हे आम्ही अकरा जण चहा पिताना विसरलो होतो. ऑनलाइन मागवणारा तर अजूनच सोपा सुटतो, त्याला दुकानदाराचं तोंडही बघावं लागत नाही.

त्याने मेसेज परत घेतला नाही. अडलं नाही त्याचं काही, आमचं अडीच हजारांचं गिऱ्हाईक जाऊन दुकान बसत नाही. आम्हालाच नवीन दुकान चौक ओलांडून पडतं आणि साखर किलोमागे दोन रुपये महाग. ग्रुपवर त्यानंतर तसा मेसेज त्याच्याकडून आलेला नाही. भीतीने, लाजेने की विषय शिळा झाला म्हणून, ते त्यालाच माहीत.

परवा नवीन दुकान बंद होतं. साखर संपलेली, क्लायंट बसलेले. मावशी पटकन जुन्या दुकानातून पुडा घेऊन आल्या. ताईंनी पुड्यावरचा दुकानाचा शिक्का वाचला, काही बोलल्या नाहीत, आणि आपला चहा बिनसाखरेचा घेतला.

आम्ही बाकीच्या दहा जणांनी साखर घातली.